नवे करून पाहायचे, पण बुडाले तर कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदल आणि शेती हा विषय निघाला की एक तक्रार ठरलेली असते. तंत्र तयार आहे, वाण तयार आहेत, फक्त शेतकरी जोखीम घ्यायला तयार नाही. आपल्या अंकातल्या लेखातही तोच सूर होता, म्हणून हे पत्र. मी औसा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. सोयाबीन, तूर आणि जमलं तर हरभरा.

ज्याला जोखीम नको तो माणूस जूनमध्ये चाड्यावर मूठच धरणार नाही. बाकीचं सोडा, आमच्याकडे बोअर कसे घेतात ते एकदा पाहायला या. एप्रिलच्या उन्हात पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे दगड मांडतात. गाडी रात्री येते. फुटाला एक दर, केसिंगचा वेगळा, चारशे फुटांच्या खाली गेलं की दर आणखी चढतो. गाडीवाला विचारतो, "दादा, थांबवू का अजून पन्नास घेऊ?" आणि मालक सातशेपर्यंत "घे" म्हणत राहतो. सकाळी वर आलेला असतो नुसता पांढरा फुफाटा. पैसे आडत्याकडून उचललेले किंवा सावकाराचे. हाच माणूस तुरीचं नवं वाण एकदम पाच एकरांवर पेरायला नको म्हणतो. याला भित्रा म्हणायचं की जुगारी?

मला यात विसंगती दिसत नाही. बोअरला पाणी लागलं तर घराची दशाच पालटते, म्हणून माणूस तिथे उडी मारतो. नव्या वाणाने वाढलं तर एकरी क्विंटल-दीड क्विंटल वाढणार, आणि फसलं तर वर्षाचं खाणं, पीककर्जाचा हप्ता आणि पोराची फी एकदम अंगावर येणार.

यावर अभ्यास झालेला आहे, आणि तोही आपल्याच भागात. 1970च्या दशकाच्या अखेरीस इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी सोलापूर, अकोला आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यांतल्या गावांत शेतकऱ्यांशी नाणेफेकीचा खेळ मांडला होता, खऱ्या पैशांचा. नाणं कसंही पडलं तरी 50 रुपये नक्की, हा एक पर्याय. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे 200, हा दुसऱ्या टोकाचा. अधेमधे पायऱ्या. त्या काळात मजुराच्या महिन्याच्या कमाईइतकी रक्कम पणाला होती, म्हणजे कुणी गंमत म्हणून खेळत नव्हतं. छोट्या रकमेला लोकांची उत्तरं विखुरलेली आली. रक्कम मोठी झाली तसे बहुतेक जण बेताच्या सावधपणावर येऊन थांबले, आणि त्यात श्रीमंत-गरीब असा फार फरक निघाला नाही. बिन्सवांगर यांचा निष्कर्ष असा होता की एक शेतकरी नवीन गुंतवणूक करतो आणि दुसरा करत नाही, याचं मुख्य कारण स्वभावात सापडत नाही. ते कर्ज, बाजार आणि सल्ला कोणाला मिळतो यात सापडतं. हे छापून येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. तरी आमच्या "मानसिकतेवर" कार्यशाळा चालूच आहेत. जेवण चांगलं असतं, एवढं कबूल करतो.

जोखीम कमी करणारी गोष्ट दिसली तर शेतकऱ्याला कुणी समजवावं लागत नाही. सोयाबीनच बघा. लातूर भागात एका पिढीत ज्वारी, मूग, उडीद मागे पडून सोयाबीन आलं. शंभर दिवसांत पीक हातात, दिवाळीच्या आत रोकडा पैसा, आणि त्याच रानात हरभरा. आता सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस नेमका काढणीत गाठतो, काढून लावलेली गंजी भिजते, शेंगेतच कोंब फुटतात, तेव्हा आम्हीच लवकर येणारं वाण शोधत फिरतो. बदनापूरच्या केंद्राचं बीडीएन 711 हे तुरीचं वाण जुन्या वाणांपेक्षा लवकर येतं, ओल संपायच्या आत शेंगा भरतात. ते गावोगाव पसरलं, कारण शेजाऱ्याच्या रानात डोळ्यांनी दिसलं.

उसाचं गणितही असंच आहे. पाणी कमी असलेल्या मराठवाड्यात ऊस लावतात म्हणून आम्हाला अविचारी म्हटलं जातं. पण 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे शेतकऱ्याच्या नजरेने बघितलं तर ऊस हेच सगळ्यांत कमी जोखमीचं पीक आहे. दर कायद्याने बांधलेला, 2025-26च्या हंगामाला क्विंटलला 355 रुपये, 10.25 टक्के साखर उताऱ्याला. सोयाबीनचा हमीभाव त्याच वर्षी 5,328 होता, पण खरेदी केंद्र, नोंदणी, बारदाना आणि ओलाव्याची अट यांतून पार पडेपर्यंत गरजवंताने माल आडतीवर घातलेला असतो. पंधरा दिवसांच्या उघडिपीने सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात, ऊस तग धरतो. एकेका घराला जे सुरक्षित, तेच सगळ्या गावाच्या पाणीपातळीला घातक. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हे भाषणाने सुटणार नाही. तुरीला आणि सोयाबीनला उसाइतकी खात्रीची खरेदी द्या, मग बघा किती ऊस उरतो.

आता बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी. हे तंत्र मला स्वतःला पटलेलं आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, ताण पडला तर वरंब्यात ओल टिकते. 2023चा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा गेला आणि 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात रानं वाहून गेली. दोन्हीकडून मार खाणाऱ्या काळ्या जमिनीला हेच हवं. बियाणंही एकरी तीस किलोऐवजी बावीसच्या आसपास लागतं. मग सगळे का करत नाहीत? सरीची जागा रिकामी दिसते, जुनी माणसं "एवढं रान वाया घालवलं" म्हणतात, हे थोडंफार आहे. खरी अडचण वाफशाची. पेरणीलायक वाफसा चार-पाच दिवस राहतो, गावात यंत्र एक किंवा दोन, आणि नंबर लावून बसेपर्यंत पुन्हा पाऊस आला तर पेरणीच लांबते. ट्रॅक्टरवाल्यालाही घाई असते. साधं पेरणीयंत्र जोडलं की तो दिवसात दुप्पट रान उरकतो, म्हणून "बीबीएफ नंतर बघू" म्हणतो. हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या राज्याच्या पोकरा प्रकल्पातून गटांना अवजारं मिळाली, चांगलं झालं, पण त्या चार दिवसांत ती पुरत नाहीत. बटईने करणारा तर विचारतो, पुढच्या वर्षी रान माझ्याकडे राहील का, तेच माहीत नाही, मी बांधबंदिस्तीला आणि शेणखताला पैसे का घालू? त्याच्या नावावर ना पीककर्ज ना अनुदान.

आणि ज्या वर्षी "नवं करा" म्हणून सांगितलं, त्याच वर्षी खालचा आधार काढून घेतला. 2023च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. बोगस अर्ज निघाले हे खरं, ती चोरी पकडायलाच हवी होती. पण 2025च्या खरिपात नुसता रुपया गेला नाही. शेतकऱ्याला 2 टक्के हप्ता लागला, आणि स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान ही भरपाईची कारणंही वगळली. उरली ती पीक कापणी प्रयोगावरची महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या काही गावांची मिळून, सरासरी. माझं रान ओढ्याकाठचं, खरवडून गेलं. मंडळातली माळरानं बरी पिकली. सरासरी ठीक आली, मला भरपाई नाही. शिवाय उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली तरच भरपाई मिळते तो आकडा, काढतात ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांवरून. सातांतली तीन-चार वर्षं वाईट गेली की उंबरठाच खाली येतो. म्हणजे हवामान जितकं बिघडेल तितकी भरपाई मिळणं अवघड. या विम्याच्या भरवशावर कोण नवं वाण सगळ्या रानात पेरेल?

म्हणून धुऱ्याकडच्या चार ओळी नव्या वाणाच्या आणि बाकी रान जुन्याचं, हे जे आम्ही करतो त्याला कुणी मागासपणा म्हणू नये. कृषी विद्यापीठंही प्रात्यक्षिकाचे प्लॉट लहानच ठेवतात. कृषी विभागाला मोठं क्षेत्र हवं असेल तर शिफारस केलेल्या पद्धतीने पेरलेल्या पहिल्या दोन एकरांचं नुकसान विभागाने वाटून घ्यावं आणि तसं पेरणीआधी लेखी द्यावं. बीबीएफ यंत्रं मे महिन्यात मंडळनिहाय मोजून ठेवावीत. आणि पुढच्या खरिपाच्या विम्याचा निर्णय घेताना पुराने खरवडलेल्या रानाची भरपाई मंडळाच्या सरासरीतून बाहेर काढावी. अर्जाची मुदत उघडण्याआधी हे झालं, तर नवं वाण किती रानात पेरायचं याचा हिशेब आम्हाला नव्याने मांडता येईल.

आपला वाचक,
एक कोरडवाहू शेतकरी, ता. औसा, जि. लातूर