जळगावच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, अन्ननलिकेलगत दिसलेली गाठ म्हणजे फुगलेल्या शिरा आहेत, हे आपण वेळेत ओळखलेत, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. रुग्णाला बरे वाटले की आभार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मानले जातात. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचे नाव मात्र अहवालाच्या तळाशीच राहते, हे मला योग्य वाटत नाही.

दुसरीकडे काढलेला पहिला सीटी स्कॅन कॉन्ट्रास्टशिवायचा, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारे औषध शिरेतून न देता काढलेला होता. त्यात अन्ननलिकेची खालची भिंत जाड दिसत होती आणि सुई घालून तुकडा तपासावा, असे आम्हांला सुचवले गेले होते. आपण छातीपुरते न थांबता त्याच स्कॅनमधली यकृताची खडबडीत कड आणि वाढलेली प्लीहा दाखवलीत, आणि कॉन्ट्रास्टचा स्कॅन होईपर्यंत बायोप्सी करू नये, असे नानांच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगितलेत. शिरेत सुई गेली असती तर केवढा रक्तस्राव झाला असता, हे आम्हांला नंतर कळले. नानांना मधुमेह असल्याने, कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही आपण आधी तपासून घेतलेत.

नव्या स्कॅनची चित्रे आपण आम्हांला फार सावकाशीने समजावलीत. कॉन्ट्रास्ट दिल्यावर सुमारे 30 सेकंदांत धमन्या उजळतात, पण आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी पोर्टल शिरा नीट भरायला 60 ते 70 सेकंद लागतात. त्या टप्प्यावर ती ‘गाठ’ आसपासच्या शिरांइतकीच उजळली आणि तिच्या जागी नागमोडी नळ्या दिसू लागल्या. यकृत कठीण झाले की पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त जठराच्या डाव्या शिरेतून उलटे अन्ननलिकेकडे चढते. चारीचे दार अडले की पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरते, असे आपण म्हणालात, आणि रावेरच्या शिवारात जन्मभर केळीला पाणी भरणाऱ्या नानांना ते लगेच उमगले. पोर्टल शिरेत गुठळी नाही आणि छातीतली वरची महाशिराही मोकळी आहे, हेसुद्धा आपण तपासून लिहिलेत.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते सीटीची मर्यादा आपण स्वतः सांगितलीत हे. अन्ननलिकेच्या भिंतीबाहेरच्या शिरा सीटीला दिसतात, घशातून आत घातलेल्या दुर्बिणीला नाही. उलट आतल्या शिरांवरचे लाल वळ, म्हणजे रक्तस्रावाची धोक्याची खूण, दुर्बिणीलाच दिसते. म्हणून अहवालात आपण एंडोस्कोपीचा, म्हणजे त्या दुर्बीण तपासणीचा, आग्रह धरलात. ती झाली, शिरांना बँड लावले गेले आणि दाब कमी ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

नानांनी दारूला कधी स्पर्श केलेला नाही, तरी ‘लिव्हर खराब’ म्हटल्यावर लोकांच्या नजरा बदलल्या होत्या. मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी यांनीही असेच होते, हे आपण साऱ्या नातेवाइकांसमोर स्पष्ट केलेत, त्यामुळे नाना पुन्हा मोकळेपणाने चारचौघांत बसू लागले.

टेबलावर नाना घाबरले असताना, श्वास हलला तर बारीक शिरा धूसर येतील, हे त्यांना आमच्या लेवा बोलीत समजावून श्वास रोखायला शिकवणाऱ्या तंत्रज्ञ भाऊंनाही आमचे आभार कळवावेत, ही विनंती.

आपला ऋणी,
रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादकाचा मुलगा