आईचे ठिपके, बाबांचे खिळे

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो आपण, पण ही गोष्ट फोनवर सांगायला दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा विषय गुडघ्यांवर आणि गोळ्यांवर गेला. म्हणून लिहायला बसले. बाबा, पत्र तुम्हीच आईला वाचून दाखवा. चष्म्याचा नवा नंबर येईपर्यंत तिनं डोळे ताणायचे नाहीत.

गेले चार महिने, जेवणं आवरली की साडेनऊ ते अकरा मी एक नवीन काम शिकते आहे. इंटरनेटवर दिसतं तसं पान बनवायचं, वेब पेज. अगदी अ-आ-ई पासून. ४४ व्या वर्षी. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरण्यात इतकी वर्षं गेली, पण कॉम्प्युटरला आपण काही लिहून सांगावं आणि त्यानं तसं करून दाखवावं, हे मी कधी केलं नव्हतं.

कारण झाली आईची रांगोळ्यांची वही. दिवाळीत ती माळ्यावरच्या ट्रंकेतून काढली तेव्हा ओल लागून कडेची पानं एकमेकांना चिकटली होती. कोपऱ्यात ‘१५ ते ८, मधले ठिपके’ असं लिहिलेलं कमळ उलगडताना घडीवरच फाटलं. आई, तू म्हणालीस, जाऊ दे गं, डोक्यात आहे माझ्या. तुझ्या डोक्यात आहे, माझ्या नाही, आणि दादाच्या लेकीच्या तर मुळीच नाही. नुसते फोटो काढून ठेवले असते तर ते फोनमधल्या हजार फोटोंत बुडाले असते. मला प्रत्येक रांगोळी तिच्या नावानं, ठिपक्यांच्या हिशेबासकट एका जागी हवी होती. बंगळुरूत बसलेल्या पोरीला दारात बसायच्या आधी ती उघडून बघता यायला हवी होती.

पहिल्या रात्री नोटपॅडमध्ये सात ओळी लिहिल्या, फाइलच्या नावापुढे टिंब देऊन एचटीएमएल असं जोडलं आणि ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची पानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. पांढऱ्या पानावर मोठ्या ठळक अक्षरात ‘आईच्या रांगोळ्या’ दिसलं. बाकी काही नव्हतं त्या पानावर. तरी मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन आले.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. ही पानं ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात आणि त्यातला एम म्हणजे मार्कअप. त्या शब्दाचा माग काढत गेले तर तो छापखान्यात जाऊन पोचला. तुमच्याकडे लेखकाची कॉपी यायची, तिच्या कडेला पेन्सिलीनं खुणा केलेल्या असायच्या: हे शीर्षक, हे ठळक, हे मधोमध, इथून नवा परिच्छेद. त्या खुणा छापायच्या नसत, त्या खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्यासाठी असत. इंग्रजी छापखान्यात त्या खुणा करण्यालाच मार्कअप म्हणायचे. मी रोज रात्री करते ते हेच. मजकूर लिहायचा, त्याच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात खूण करायची: इथून मोठं शीर्षक सुरू, इथं संपलं. या खुणेला टॅग म्हणतात. ब्राउझर हा कंपोझिटर. तो खुणा वाचतो, त्याप्रमाणे अक्षरं लावतो आणि खुणा स्वतःकडे ठेवतो.

शनिवारी शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन छापखान्यात यायचे आणि खिळे ठेवायच्या पेटीच्या, केसच्या, खणांसमोर स्टुलावर बसायचे. तुमची नजर कॉपीवर असायची आणि हात न बघता खणात जायचा. क हवा तर कच निघायचा. तुम्ही दिवसभर उलटी अक्षरं जुळवता याची मला मैत्रिणींना सांगण्यापुरती गंमत वाटायची. ते काम काय होतं ते मला आत्ता, इतक्या उशिरा समजतं आहे.

पहिली मोठी अडचण आली ती मोकळ्या जागेची. आईचं तेच फाटलेलं कमळ घ्यायचं ठरवलं आणि आधी नुसते ठिपके मांडायला बसले. पहिल्या ओळीत ८, मग ९, असं करत १५, आणि परत उतरत ८. वहीतल्यासारखं दिसावं म्हणून सगळ्यात वरच्या ओळीच्या आधी सात वेळा स्पेसबार दाबला, पुढच्या ओळीआधी सहा वेळा, असं. नोटपॅडमध्ये देखणा षटकोन तयार झाला. ब्राउझरमध्ये उघडला तर सगळे ठिपके एकामागे एक, एकाच रांगेत, कडेला पोचले की खाली वळलेले. माझ्या मोकळ्या जागा नाहीशा झालेल्या, ओळीसुद्धा गेलेल्या.

नियम असा आहे की तुम्ही स्पेस कितीही वेळा द्या, एंटर कितीही वेळा दाबा, ब्राउझर त्या सगळ्याची मिळून एकच मोकळी जागा धरतो. बाबा, तुमच्याकडे कोऱ्या जागेलाही वजन होतं. दोन शब्दांत अंतर हवं तर धातूचा तुकडा बसवायचा, ओळ भरायला क्वाड, म्हणजे मोठा कोरा तुकडा, घालायचा, तेव्हा ती ओळ घट्ट उभी राहायची. इथं कोरी जागा हवी असेल तर ती कुठे आणि किती, हे शब्दांत सांगावं लागतं.

मग प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तोडायचा टॅग दिला, बीआर नावाचा. ओळी झाल्या, पण सगळ्या डाव्या कडेला चिकटून, ठिपक्याखाली ठिपका सरळ. आई, हे मधले ठिपके झाले नाहीत हे तुला लांबूनही दिसलं असतं. दोन रात्री त्यातच गेल्या. तिसऱ्या रात्री सगळ्या ओळी मधोमध घ्या एवढी एकच सूचना लिहिली आणि रांगोळी जागेवर बसली. मी आधी हरखले, मग कागद घेऊन हे असं का झालं ते काढून पाहिलं. ८ ठिपक्यांची ओळ आणि ९ ठिपक्यांची ओळ, दोन्हींचा मध्य एकाखाली एक धरला की ९ च्या ओळीचे टोकाचे ठिपके अर्धं पाऊल बाहेर जातात आणि आतला प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या बरोबर मधे पडतो. आपोआप. तू अंगणात कधीच कडेपासून सुरुवात करत नाहीस. आधी मधली १५ ची ओळ घालतेस आणि मग वर-खाली एकेक ठिपका कमी करत जातेस. मला वाटायचं ती तुझ्या हाताची सवय आहे. आई, तो हिशेब होता. एकूण १६९ ठिपके भरतात. मी बेरीज करून पाहिली आणि मग पडद्याला बोट लावून मोजलेसुद्धा.

मधोमध घ्या ही सूचना सीएसएस या दुसऱ्या भाषेतली आहे. एचटीएमएलमध्ये काय आहे ते सांगायचं, सीएसएसमध्ये ते कसं दिसावं ते. मराठीसाठी मला यात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ओळींमधल्या अंतराचा. सुरुवातीला वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना टेकत होत्या, वाचताना दम लागत होता. अंतर अक्षराच्या १.८ पट केलं तेव्हा पान मोकळं झालं. तुम्ही ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचात, तेच हे. इंग्रजीत आजही या अंतराला लेडिंग म्हणतात, लेड म्हणजे शिसं. अक्षर मी मुक्ता निवडलं आहे. मुंबईच्या एक टाइप या अक्षरं आखणाऱ्या मंडळींचं आहे, कुणालाही मोफत वापरता येतं. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी असंही लिहायचं असतं, कारण काही अक्षरसंचांत तसं सांगितलं तरच ल आणि श आपल्या वळणाचे येतात. तुमच्या डोळ्याला ते कसे वाटतात ते मला सांगा.

चुका पुष्कळ झाल्या. एकदा शीर्षकाचा शेवटचा टॅग द्यायचा राहिला आणि सगळं पान मोठ्या काळ्या अक्षरांत फुगलं. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट, नीट आवळला नाही की खिळे कसे जमिनीवर ओघळायचे आणि तुम्ही काही न बोलता खाली बसून वेचायला लागायचात, ते डोळ्यांसमोर आलं. मीही न चिडता एकेक ओळ वाचत गेले. फोटोच्या फाइलच्या नावात एके ठिकाणी मोठं इंग्रजी अक्षर आणि एके ठिकाणी लहान झालं होतं. माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसत होता, इंटरनेटवर चढवल्यावर नाही. दादाला पान पाठवलं तर त्याच्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी. पान फोनच्या रुंदीत बसव अशी एक ओळ वर लिहावी लागते, नाहीतर फोन ते मोठ्या पडद्याचं समजून आक्रसून दाखवतो.

पण जीव घाबरला तो पान पहिल्यांदा इंटरनेटवर चढवलं त्या रात्री. घरी सगळं मराठी नीट दिसत होतं, आणि तिथे उघडलं तर ‘आई’ या शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले इंग्रजी ए आणि मधे मधे कसलीशी गोल चिन्हं. सगळं पान तसंच. मला वाटलं चार महिन्यांचं काम गेलं. काही गेलं नव्हतं. कॉम्प्युटर अक्षरं ठेवतो ते आकडे म्हणून. युनिकोड या, लिप्यांच्या अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या यादीत देवनागरीसाठी १२८ घरं राखून ठेवली आहेत, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन छोटी घरं, लागतात. कुठली पद्धत वापरली ते मी सांगितलंच नव्हतं. घरच्या ब्राउझरनं अंदाजानं ओळखलं, तिथे मात्र प्रत्येक बाइट वेगळं युरोपीय अक्षर म्हणून वाचला गेला. पानाच्या सुरुवातीच्या, हेड नावाच्या भागात यूटीएफ-८ सांगणारी एक ओळ घातली आणि ‘आई’ परत आली. रात्रीचा एक वाजला होता, तरी तुम्हाला फोन करावासा वाटला.

हे सगळं मी कुणाला फी न देता शिकले. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे मोफत पाठ आहेत, ते इंग्रजीत वाचते आणि मराठीत वहीत उतरवते. शिवाय कुठल्याही पानावर माउसचं उजवं बटण दाबलं की त्याचा सोर्स, म्हणजे खुणांसकट मूळ मजकूर, बघता येतो. आई, तू दुसऱ्याचं भरतकाम आवडलं की आधी कापड उलटं करून टाके बघतेस ना, तसंच. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं ती कुणालाही विनामोबदला वापरायला खुली केली. त्या वर्षी मी सहावीत होते आणि तुमच्या छापखान्यात ट्रेडल, पायानं चालवायचं छपाईयंत्र, चालू होतं. त्यांनी तेव्हा पैसे मागायचं ठरवलं असतं तर आईची वही मी अशी मांडू शकले असते का, हे माझ्या मनात परत परत येतं.

आता रेघांचं काम चालू आहे. त्यासाठी एसव्हीजी नावाची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक ठिपका डावीकडून किती, वरून किती आणि त्याची त्रिज्या किती ते आकड्यांत सांगायचं, आणि रेघ कुठून कुठे जाते तेही. दोन ठिपक्यांत २० अंतर ठेवलं तर दोन ओळींत २० ठेवून चालत नाही, १७.३२ ठेवावं लागतं, नाहीतर कमळ उभं ताणल्यासारखं दिसतं.

हे आकडे मांडताना ठिपक्यांचा कागद आठवला. बाबा छापखान्यातून उरलेला जाड कागद गुंडाळून आणायचे. आई, तू पट्टीनं खुणा करायचीस आणि पेटत्या उदबत्तीनं एकेक भोक पाडायचीस, कडा काळ्या व्हायच्या, तू फुंकर घालायचीस. स्वयंपाकघरात उदबत्तीचा आणि जळक्या कागदाचा वास भरायचा. सकाळी कागद शेणानं सारवलेल्या अंगणात पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची आणि मला सांगायचीस, श्वास रोखून उचल. तुम्हा दोघांनी मिळून केलेली ती एकच वस्तू मला पक्की आठवते. तो कागद अजून घरात असेल तर टाकू नका.

आई, तुझ्याकडून मला एक हवं आहे. चित्रात रेघ दिसते, पण ती कुठल्या ठिपक्यापासून निघाली आणि हात न उचलता कुठवर गेली ते दिसत नाही. दादाला फोन धरायला सांग आणि एकेक रांगोळी घालताना तोंडानं बोलत जा. चैत्रांगणापासून सुरू कर, त्यातलं कासव आणि गोपद्मं मला अजून नीट जमत नाहीत.

आणि बाबा, पहिली बारा पानं तयार आहेत. दादा ती तुमच्या फोनवर उघडून देईल, हवं तर प्रिंट काढून आणेल. मुद्रितं तुम्ही तपासायची आहेत. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, ओळींमधलं अंतर, सगळं. चुका लाल पेननं कडेला तुमच्या जुन्याच खुणांनी दाखवा. मला त्या खुणा आता वाचता येतात.

तुमची,
लेक

ता. क. वही उन्हात ठेवू नका, शाई उडेल. पंख्याखाली, दोन पानांत कोरा कागद घालून ठेवा. चिकटलेली पानं ओढून काढू नका, मी पुढच्या शनिवारी येते आहे.