दादा, तुझे मनापासून आभार

प्रिय दादा,

माझा मुलगा तुला दादा म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. फोनवर घाईघाईत 'थँक्यू' म्हटलं होतं, पण तेवढ्यावर भागत नाही. हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड टाकण्याच्या मुलांच्या हट्टापुढे अडलेल्या इतर आईवडिलांनाही तुझं सांगणं उपयोगी पडेल.

मुलाचं म्हणणं होतं, गेम अडकत चालतात, मोठं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) हवं. त्याने ते निवडूनही ठेवलं होतं. माझा जीव मात्र कॉम्प्युटरमध्ये अडकलेला. माझे हिशेब, धाकटीचा अभ्यास, सगळं त्याच एका मशीनवर. तू कार्डाचं नावही विचारलं नाहीस. आधी म्हणालास, "काकू, कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या, लेबलचा फोटो पाठवा."

त्या लेबलवर ठळक छापलेल्या एकूण वॅटकडे तू फारसं बघितलं नाहीस. 12 व्होल्टच्या रकान्यात काय आहे ते वाचलंस, कारण कार्ड मुख्यतः त्यावरच चालतं. मग आतल्या वायरींचा फोटो मागितलास. कार्डासाठी लागणारी 6 किंवा 8 पिनची वायर आमच्या एसएमपीएसला नव्हतीच. म्हणजे जी काही वीज मिळेल ती मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डच्या) ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं त्यातून, आणि तिथली मर्यादा 75 वॅट. मुलाच्या पसंतीच्या कार्डाला तर 8 पिनची वायर हवी होती. "अडॅप्टर लावून जमेल ना?" असं त्याने विचारलं, तेव्हा तू त्याला उडवून लावलं नाहीस. अडॅप्टरने पिना जुळतात, एसएमपीएसची ताकद वाढत नाही, हे त्याला पटेपर्यंत समजावत राहिलास. तेच मी सांगितलं असतं तर घरात भांडण झालं असतं.

मग तो स्वस्तातल्या जीटी 1030 कार्डावर आला. तिथेही तू सावध केलंस: एकाच नावाची दोन कार्डं आहेत, एकात जीडीडीआर5 मेमरी आणि दुसऱ्यात डीडीआर4. पहिलीचा वेग सेकंदाला 48 जीबी, दुसरीचा जेमतेम 17. नाव तेच ठेवून आत इतका फरक करणं ही मला ग्राहकाची सरळ फसवणूक वाटते. शेवटी 2019 साली आलेलं जीटीएक्स 1650 ठरलं, 4 जीबीचं, 75 वॅटमध्ये बसणारं. त्यातही काही मॉडेलना 6 पिनची वायर लागते, म्हणून कार्डाच्या कडेचा फोटो बघूनच घ्यायला लावलंस, आणि त्याआधी कॅबिनेटमधली जागा पट्टीने मोजायला.

बसवताना तू व्हिडिओ कॉलवर होतास. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, उघड्या धातूला हात लावायचा, मगच कार्डाला हात. स्लॉटच्या टोकाची कडी 'टक्' वाजली आणि मुलगा लगेच स्क्रू घट्ट करायला निघाला. तू त्याला थांबवून कार्ड दोन्ही टोकांना सारखं बसलंय का ते बघायला लावलंस. आमचा जुना मॉनिटर फक्त व्हीजीए या जुन्या प्रकारच्या जोडणीचा, आणि नव्या कार्डावर व्हीजीए नाही. मी नव्या मॉनिटरच्या खर्चाची तयारी करत होते. तू कार्डावरच्या एचडीएमआय या नव्या जोडणीवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर सुचवलास, तो काम करतोय. मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता कार्डाला लावायची, हेही तूच आठवणीने सांगितलंस.

आता गेम 1080 रिझोल्यूशनवर, मध्यम सेटिंगला छान चालतात. टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) थोडं खाली ठेवावं लागतं, कार्डाची 4 जीबी मेमरी तेवढीच पुरते. धाकटीचा अभ्यास पूर्वीसारखाच सुरू आहे, आणि त्याबद्दल मी तुझी जास्त ऋणी आहे.

रॅमची दुसरी स्टिक घ्यायला सांगितलीयेस, ती पुढच्या महिन्यात घेऊ. जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो त्याने आधीच काढून ठेवलाय, तुला दाखवायला.

तुझी,
काकू