बेळगावच्या काकांना, पेडण्याहून

काका,

नमस्कार. निघताना तुम्ही बजावलं होतं, "माझं नाव कुठं लिहू नकोस पोरी, घरी वाटतंय मी श्रीनगरात मित्राकडं बसून गप्पा मारतोय." म्हणून नाव लिहीत नाही. नंबर मागायचं मला सुचलं नाही आणि द्यायचं तुम्हाला. पण बेळगावात मराठी वाचणारी माणसं थोडी नाहीत. साठी ओलांडलेले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आणि दर मार्चला स्की खांद्यावर टाकून गायब होणारे काका कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांनी हे पत्र पोचतं करावं. काकूंच्या नजरेला पडणार नाही एवढं मात्र बघा.

पंधरा दिवस झाले. इथे उन्हाचा तडाखा आहे, गल्लीभर काजूच्या बोंडांचा वास आहे, आणि मी रोज संध्याकाळी ठरवते की आज लिहायचं. लिहायला बसलं की तुमचं ते जॅकेटची चेन उघडणं आठवतं आणि पुढचं वाक्य सुचत नाही.

गोव्याच्या मुलीला बर्फात काय ठेवलंय, असं सगळेच विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत. दोन हिवाळे गुलमर्गच्या सपाट मैदानात पडत-उठत शिकले, यंदा वाटलं की एक दिवस गंडोला, म्हणजे तारेवरून वर नेणारा पाळणा, न घेता स्वतःच्या पायांनी चढून जावं आणि घसरत खाली यावं. स्कीच्या तळाला स्किन नावाची लव असलेली पट्टी चिकटवायची. मांजराच्या पाठीसारखी असते ती, पुढे सरकताना गुळगुळीत आणि मागे यायला लागलं की अडकते. टाच मोकळी ठेवून चढायचं, वर पोचल्यावर पट्टी सोलून काढायची आणि टाच बंद करून उतरायचं. वाचायला सोपं आहे.

या सहलीसाठी ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांच्याबद्दल फार लिहिणार नाही. पण थोडं लिहिणारच. सहाला निघू म्हणाले आणि निघाले पावणेदहाला, मध्ये नाश्ता, मग ड्रोन, मग कुणाचा तरी रील. मी घड्याळ दाखवलं तर उत्तर आलं, "मॅडम, स्प्रिंगमध्ये घाई नसते, ऊन खात जायचं." मला दिलेल्या स्किन्सचा डिंक कधीच मेलेला होता. जंगलात शिरल्यावर एक सुटली, मग दुसरी. डिंकाच्या बाजूला ओला बर्फ बसला, लवेखाली वीतभर जाडीचे गोळे झाले, पाय म्हणजे उखळं. तेव्हा आमचा पुढारी वरून ओरडला, "तुम्ही हळूहळू या, ट्रॅक दिसतोच!" आणि सहाजणांना घेऊन झाडांआड गेला. त्याच्यामागून जायच्या नादात माझा ट्रॅक चुकला आणि मी एका नाल्याच्या तळाशी घरंगळले. वरून गंडोल्याच्या तारेची घरघर ऐकू येत होती. तिकीट काढून माणसं माझ्या डोक्यावरून कोंगडोरीला, गंडोल्याच्या वरच्या थांब्याला, चालली होती, आणि मी खाली बसून रडत होते. अकरा वाजले असतील.

तुम्ही तेव्हा उतरत होता. पहाटे साडेचारला निघून, अर्ध्यातूनच माघारी फिरून. कारण नंतर सांगितलंत: रात्रभर आभाळ ढगाळ होतं, त्यामुळे बर्फ गोठलाच नाही. आकाश निरभ्र असलं तर दिवसाची ऊब रात्री निघून जाते, पहाटे वर कडक कवच येतं आणि नऊ-दहाला त्याचा वरचा बोटभर थर मऊ होतो. स्कीवाले त्याला कॉर्न म्हणतात. तुम्ही ओंजळभर उचलून माझ्यापुढे धरलात तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या आगरातलं खडे मीठ! तुम्ही हसलात. मी आगरवाड्याची, माझे बाबा मिठागरात राबतात, हे कळल्यावर तुम्ही मला सगळं मिठाच्या भाषेतच सांगायला लागलात. दिवसा वितळून रात्री गोठत दाणे असे गोल होतात. पाणी मुरलं की दाण्याला दाणा धरत नाही. "पावसात मिठाची रास बुडातून कशी बसते, बघितलीस ना? मग हा डोंगर काय वेगळा आहे?"

कुठल्याही वर्गात मला हे इतकं नीट कळलं नव्हतं.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र त्याआधीच्या दोन मिनिटांसाठी आहे.

तुम्ही थांबलात, स्की काढल्या, माझ्याकडे न बघता माझ्या स्किन्स उचलल्या. मफलरनं डिंकाची बाजू पुसलीत. डिंकाला डिंक लावून घडी घातलीत. मग जॅकेटची चेन उघडलीत, स्वेटर वर केलात आणि ती गार, ओली, गळकी घडी सरळ बनियनवर, पोटाशी ठेवून चेन लावून टाकलीत. क्षणभर तुम्ही डोळे मिटलेत. एवढंच. मग म्हणालात, "वीस मिनिटं लागतील. काय खायला आणलंयस?"

काका, मी मिठागरातल्या माणसाची मुलगी आहे. अवकाळी पाऊस आला की बाबा काड्यापेटी बनियनच्या आत ठेवतात, अंगाच्या उबेला. ती स्वतःची काड्यापेटी असते. अनोळखी बाईचा भाड्याचा, चिखलासारखा ओला पट्टा शून्य अंशाच्या आसपास कुणी पोटाला लावत नाही. स्किनचा डिंक उबेनं पुन्हा धरतो, हा या खेळातला नेहमीचा उपाय आहे, हे मला आता ठाऊक झालंय. उपाय नेहमीचा असेल. ते डोळे मिटणं नेहमीचं नव्हतं.

मग आपण माझे घरचे भाजलेले काजू खाल्ले. तुम्ही पाकिटातून मेणबत्तीचा तुकडा काढून स्किनच्या लवेवर घासलात, बर्फाचे गोळे बसू नयेत म्हणून. बोलता बोलता सहज विचारलंत, "छातीवरचं बीकन चालू आहे का?" हिमाखाली गाडलं गेलेलं माणूस ज्याच्या संदेशावरून शोधतात, ते यंत्र. तुमचं शोधायच्या बटणावर टाकलंत तर काहीच ऐकू येईना. माझं सकाळपासून बंद होतं. निघताना कुणी तपासलंच नव्हतं. तुम्ही ते चालू केलंत, बस्स. ना "अगं वेडी आहेस का", ना "आजकालची पोरं". माझ्या मनात मात्र पावणेदहापासूनचा सगळा हिशोब एका झटक्यात झाला.

गंमत म्हणजे त्याही वेळी मी म्हणाले, "काका, मग आता वर जाऊया ना?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत, काठी बर्फात रोवलीत. ती मुठीपर्यंत गेली. स्की काढून माझा बूट टाकायला सांगितलात, तो गुडघ्यापर्यंत गेला. समोरच्या उतारावर फरच्या झाडांच्या फांद्यांखालून बर्फाचे गोळे आपोआप सुटत होते आणि घरंगळताना चाकासारखे मोठे होत होते. "डोंगर सांगतोय, परत जा म्हणून. ऐकायचं की नाही ते तुझं तू ठरव." मी ऐकलं.

नाल्यातून वर यायचा तो एक चढ आपण चढलो. स्किन चिकटून राहिली, शेपटाकडे तुम्ही इलॅस्टिकची पट्टी आवळली होती. उतरताना बर्फ इतका जड होता की वळण घेताना मांड्या पेटत होत्या. मोकळ्या जागा आपण एकेक करून ओलांडल्या, तुम्ही आधी पलीकडे जायचात आणि वळून माझ्याकडे बघत उभे राहायचात. मी मोजले नाहीत, पण बरेचदा पडले. एकदाही तुमच्या तोंडून "लवकर" हा शब्द निघाला नाही. दिवसातला तो मला सर्वात आवडलेला न ऐकलेला शब्द.

खाली टपरीवर नून चाय घेतला. मिठागराच्या मुलीला मिठाचा चहा, तुम्ही म्हणालात आणि चहावाल्यालाही हिंदीत समजावून सांगितलंत. त्यानं माझे पैसे घेतले नाहीत. जनरल थिमय्यांनी 1948 साली इथे सुरू केलेल्या सैनिकी स्की शाळेची गोष्ट तिथेच सांगितलीत. तिच्यातूनच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे उंच डोंगरातल्या लढाईची सैनिकी शाळा, झालं, आणि तरुणपणी तुम्ही तिथेच पहिल्यांदा तोंडावर आपटलात. तेव्हा एका हवालदारानं तुमचे ओले मोजे रात्रभर स्वतःच्या अंगाखाली घेऊन वाळवले होते म्हणे. मग मला कळलं, ती घडी पोटाशी धरायला तुम्ही कुठे शिकलात.

तेव्हापासून मला जिथे तिथे तुमची भावंडं दिसायला लागलीत. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर फळी उचलता उचलता एका म्हातारीसाठी परत खाली सोडणारा. बसची घंटी न वाजवता धावत येणाऱ्या पोराची वाट बघणारा कदंबाचा कंडक्टर. आधीही असतील, मी मोबाइलमध्ये असेन.

त्या लोकांचा मेसेज आला होता, अनुभव कसा वाटला, पाच तारे द्या. मी लिहिलं, सहा म्हणजे पावणेदहा असतील तर पाच म्हणजे किती ते आधी सांगा. उत्तर नाही.

बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "पोटाशी? बनियनवर?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच किलो मीठ वेगळं काढून ठेवलं. पिशवीच्या तोंडाला तुमची इलॅस्टिकची पट्टी बांधली आहे, ती माझ्याकडेच राहिली. बेळगावहून चोर्ला घाट उतरलात की पुढे आगरवाडा विचारत यायचं, कुणीही सांगेल. काकूंनाही आणा, तोवर खरं सांगून टाका.

मात्र सकाळी लवकर निघा, बाबांचा निरोप आहे. दहानंतर आगरात पाय भाजतात.

तुमची,
मिठागरातली पोर