माकड घरी न आणल्याबद्दल आभार

आदरणीय काकू,

स. न. वि. वि.

नातवाने माकड हवं म्हणून हट्ट धरला आणि तुम्ही इंग्लंडात राहून, पैसे हाताशी असूनही, विकत न घेता आमच्या आश्रयस्थानातल्या एका मार्मोसेटचं (चिमुकल्या जातीच्या माकडाचं) वर्षभराचं प्रतीकात्मक दत्तकत्व, म्हणजे माकड इथेच आणि खर्चाला हातभार तुमचा, त्याच्या नावे घेतलंत. मनापासून आभार. ‘पैसे खरंच त्याच माकडाला मिळतात का?’ असं तुम्ही विचारलंत. खरं उत्तर: नाही. एका माकडाचे दत्तक-पालक अनेक असतात आणि रक्कम अख्ख्या गटावर खर्च होते. प्रमाणपत्रावर फोटो एकाचा असतो, हीटरचं बिल सगळ्यांचं.

मार्मोसेट जेमतेम 300-400 ग्रॅमचं. पिंजऱ्यात सहज मावतं, म्हणूनच लोक फसतात. दिवाणखान्यातून सुटून आलेल्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे मुडदूस: वाकलेले पाय, मऊ पडलेला जबडा. अमेरिका खंडातल्या या माकडांना ड जीवनसत्त्वाचा डी-3 हाच प्रकार लागतो. डी-2 त्यांच्या फारसा उपयोगी पडत नाही. डी-3 कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्ही-बी (अतिनील) किरण हवेत, आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते. मालकाला वाटतं, रोज उन्हात तर ठेवतो!

तुमच्या पैशातला एक वाटा यूव्ही-बी देणाऱ्या दिव्यांच्या नळ्यांना जातो. त्या फसव्या असतात. उजेड तसाच दिसतो, पण यूव्ही-बी कमी होत जातं. म्हणून नळी बंद पडायची वाट न पाहता, मीटरने मोजून, प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांत बदलतो. डी-3 अंदाजाने जास्त दिलं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, त्यामुळे मात्रा वजनावरून ठरते. वजनासाठी साधा स्वयंपाकघरातला काटा. त्यावर डिंकाचं बोट लावलं की स्वारी आपणहून येऊन बसते. 350 ग्रॅमच्या जिवाचे 30 ग्रॅम उतरले, तर साठ किलोच्या माणसाचे पाच किलो उतरल्यासारखं.

डिंक हा त्यांचा खरा आहार. रानात झाडाची साल कुरतडून ते चीक खातात. इथे फांदीला भोकं पाडून त्यात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक कालवून भरतो. खाणं आणि दिवसभराचा उद्योग दोन्ही साधतं. बाजारातली फळं त्यांच्यासाठी फार गोड, दात किडतात. केळ्याची कीर्ती माकडांपेक्षा चित्रकारांनीच वाढवली. तुमचे डिंकाचे लाडूही, क्षमा करा, तूप-गुळामुळे त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत.

सगळ्यांत वेळ खातं जोडी लावणं. एकटं वाढलेलं मार्मोसेट दुसऱ्याची भाषा विसरलेलं असतं. आधी शेजारी, मध्ये दुहेरी जाळी (एकेरीतून बोटं चावली जातात), मग फांद्यांची अदलाबदल, म्हणजे वासाची ओळख होते. मग देखरेखीखाली काही मिनिटं. घाई केली की मारामारी. जोडी जमण्याआधीच नराची नसबंदी उरकलेली असावी. मादीला वर्षातून दोनदा जुळी होऊ शकतात आणि आश्रयस्थानाला जागा हवी असते ती बाहेरून येणाऱ्यांसाठी.

इंग्लंडातल्या डॉर्सेटचं मंकी वर्ल्ड हे माकडांचं आश्रयस्थान 1987 मध्ये जिम क्रोनिन यांनी सुरू केलं, ते स्पेनच्या किनाऱ्यावर फोटोसाठी वापरल्या जाणाऱ्या चिंपांझींसाठी. 2008 मध्ये मंकी वर्ल्डने चिलीतल्या एका प्रयोगशाळेतून 88 कॅपुचिन माकडं एकदम आणली. आता इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2026 पासून खासगी व्यक्तीला माकड ठेवायचं तर परवाना आणि प्राणिसंग्रहालयाच्या तोडीची व्यवस्था लागते. म्हणजे आश्रयस्थानांच्या दारावर टकटक वाढणार.

पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार असाल तर नातवाला एवढं आधी सांगून ठेवा, की माकडही म्हातारं होतं. ते गेल्यास आम्ही कळवतो आणि उरलेल्या मुदतीसाठी दुसरं निवडायला सांगतो. विणलेली खेळणी पाठवू नका, धाग्यात बोटं अडकतात. रिकामी पुठ्ठ्याची खोकी चालतील, चिकटपट्टी आणि पिना काढून.

आपले,
मार्मोसेट विभागातील देखभाल करणारे