पंधरा संपला की सोळा

नाशिक
ईस्टरनंतरचा बुधवार

बाळा,

सलाम आणि खूप आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, पहाटे चारला उठलो, मेणबत्ती धरून उभा राहिलो, 'ख्रिस्त उठला आहे' म्हटलं, 'खरोखर उठला आहे' म्हटलं. उद्या परत सोमवार. सगळं तेच." घरात पाहुणे होते, मटण गॅसवर होतं, मी "हो रे, बघू" म्हणून फोन ठेवला. पण तुझं बोलणं काही डोक्यातून जाईना. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी झाली की माझं मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहायला बसलेय.

आधी एक गोष्ट बाजूला करते. पाळकसाहेबांनी यंदाही द्राक्षवेलीचाच दाखला दिला. एप्रिलची खरड छाटणी, बोडकी बाग, मग फुटणारे डोळे. ईस्टरला हा दाखला न देणारा पाळक मला नाशकात अजून भेटायचाय. तुझ्या आजोळी दोन एकर बाग होती, ती छाटणी मी फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलीय. खरं सांगू? वेल मेलेली नसते रे. मुळं जिवंत असतात. दहा-पंधरा दिवसांत फुटणार हे शेतकऱ्याला माहीत असतं, म्हणून तर तो कात्री लावतो. प्रभू मेला होता. शिष्य आतून कडी लावून बसले होते ते काही डोळे फुटायची वाट बघत नव्हते, घाबरून बसले होते. ऋतू पालटावा तसं आपोआप झालेलं हे नाही. तसं असतं तर आपल्याला करण्यासारखं काही उरलंच नसतं. बाग बघायला जायचं, परत यायचं.

आता देहाचं. शेजारच्या काकूंचे यजमान गेले तेव्हा अस्थी घेऊन त्यांच्याबरोबर मी रामकुंडावर गेले होते. पायरीवर बसून त्या शांतपणे म्हणाल्या, "देह काय ताई, कपडा. जुना झाला, टाकला." त्यांना त्या वाक्याचा आधार होता, आणि ती काही वाद घालायची जागा नव्हती. पण रिक्षातून परत येताना माझ्या मनात आलं, आपण याहून हट्टाची गोष्ट बोलतो. दर रविवारी उभं राहून मतांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीत, 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो. आत्म्याचं नाही, देहाचं. आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. मला पूर्वी वाटायचं, जो मरणातून उठतो त्याला दोन जखमा भरून आणणं काय अवघड? आता वाटतं, ते व्रण मुद्दाम ठेवलेत. सोसलेलं पुसून टाकायचं नाही, असं त्याच्याकडे दिसतंय.

तुला एक सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी शोभा नाही. तू दुसरीत असशील. ईस्टरची पहाटेची उपासना करून, घरचं सगळं उरकून मी नाइट ड्यूटीला गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा होता, पोलिसांनी बसस्टँडवरून आणलेला. नाव नाही, गाव नाही. रात्री दोनच्या सुमाराला गेला. डॉक्टरांनी बघितलं, कागद झाले. मी वॉर्डातल्या मावशीला म्हटलं, "राहू दे, नुसतं चादरीत बांध. सकाळी न्यायला येतील. ह्याला बघायला कोण येणारे?" मला तेव्हा अजून सहा पेशंटना इंजेक्शनं द्यायची होती, हे खरंच. मावशी काही बोलली नाही. थोड्या वेळानं मी औषधांच्या ट्रेसकट मागे वळले तर ती स्टरलायझरशेजारच्या शेगडीवर पातेलं ठेवून उभी. म्हटलं, हे काय? म्हणाली, "पाणी कोमट करतेय. गार पाणी नको वाटतं, सिस्टर." मेलेल्या माणसासाठी कोमट पाणी. तिनं त्याचं तोंड पुसलं, कानामागचा मळ काढला, बोटं एकेक सुटी करून पुसली, नखांत काळं होतं ते कापसाच्या बोळ्यानं काढलं. दाढीचे खुंट ओले झाले तेव्हा हातानं एका दिशेला बसवले. मग मला म्हणाली, "पाय धरा." मी धरले.

ती बाई कधी देवळात जाताना मी पाहिली नाही, चर्चचा तर प्रश्नच नाही. पहाटे मेणबत्ती घेऊन 'खरोखर उठला आहे' म्हणणारी मी होते. तुझ्या 'सगळं तेच'ला माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते त्या पातेल्याशी सुरू होतं. देह जर नुसता टाकायचा असेल तर कोमट पाण्याला काही अर्थ नाही. देवाला तो परत हवा असेल, तर मग बेडसोरचं ड्रेसिंग, आजीची वेणी, तुझ्या पप्पांची शेवटच्या तीन महिन्यांतली दाढी, यातलं काहीच वाया गेलेलं नाही. त्यानंतरची माझी एकोणीस वर्षांची नोकरी मी त्या पातेल्यावर काढली.

शरणपूर हे नाव तू पत्त्यात हजारदा लिहिलं असशील. शरण आलेल्यांचं पूर. १८५०च्या दशकात मिशननं वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानं सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरायची, त्यांतली कितीतरी इथे आणून वाढवली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. लहानपणी गुलाम म्हणून पळवून नेलेला पोरगा. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि दफनाची प्रार्थना वाचली ती या आपल्या नाशिकच्या वेनराइटनं. मग बरोबरच्या माणसांनी तो देह सुकवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि जवळजवळ नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा पार्थिव नेणाऱ्यांत वेनराइट होता. मला शाळेत लिव्हिंगस्टन शिकवले, वेनराइट नाही. असो. ज्याच्या स्वतःच्या देहाला कुणी एके काळी माल समजलं, त्यानं दुसऱ्याच्या देहावर 'पुनरुत्थान व जीवन' हे शब्द वाचले असतील तेव्हा त्याच्या मनात काय असेल, हे मी बऱ्याचदा मनात घोळवते.

आता तुझ्या कंपनीचं. तू हसत हसत सांगितलंस की प्रोजेक्टमधली चूक नोकरी सोडून गेलेल्या त्या पोरावर ढकलायचं ठरलंय, तो काय बोलायला येणार नाही. मला हसू आलं नाही. पुनरुत्थान म्हणजे काय, हे बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये पुस्तकात प्रभूचा शिष्य पेत्र लोकांना सरळ सांगतो: तुम्ही मारलंत, देवानं उठवलं. म्हणजे रोमी सुभेदार पिलाताच्या कचेरीत झालेला निकाल वरच्या कोर्टानं तिसऱ्या दिवशी रद्द केला. धोंडेवर सरकारी शिक्का होता, पहारा होता, केस बंद झाली होती. जो बोलायला येऊ शकत नव्हता त्याच्या बाजूनं निकाल लागला. हे मानायचं आणि तोंड नसलेल्यावर खापर फोडायचं, या दोन गोष्टी एका ताटात बसत नाहीत. मीटिंगमध्ये उभं राहून भाषण कर असं मी म्हणत नाही. पण त्या ईमेलखाली तुझं नाव नको. बोनस गेला तर जाऊ दे, घराचा हप्ता आपण बघू.

मी तुला शिकवतेय खरी, पण माझंही ऐक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात उठलेला प्रभू तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर काय करतोय? कोळसे पेटवून मासे भाजतोय. १५३ मासे मिळाले असं लिहिलंय. पप्पा दरवेळी हसायचे, "खुद्द प्रभू समोर उभा आणि हा कोण मासे मोजत बसला? नक्की प्रेसमधला असणार." नोटांचे कागद मोजण्यात हयात गेलेला माणूस, त्यांनाच असं सुचणार. पण कोळशाचा विस्तव योहानात दोनच ठिकाणी येतो बघ. एक इथे, आणि एक त्याआधी १८व्या अध्यायात, जिथे पेत्र विस्तवापाशी शेकत उभा होता आणि त्या रात्री त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं. तोच वास नाकात गेला असेल पेत्राच्या. आणि प्रभू "का नाकारलंस" विचारत नाही. आधी न्याहारी देतो. मग तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस का" विचारतो आणि तीनदा काम सोपवतो.

हे मला तोंडपाठ. आणि तुझ्या काकांशी मी सात वर्षं बोललेली नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून पप्पांचं नाव परस्पर कमी झालं, तेव्हापासून. पप्पांच्या मातीला ते मागे उभे होते, मी मुद्दाम मान वळवली. सोमवारी, तुझ्या त्या 'तेच' सोमवारी, मी रविवारचं मटण डब्यात भरलं आणि त्यांच्या दारात गेले. जिना चढताना दोनदा वाटलं परत फिरावं. काका झोपले होते, किंवा झोपलेत असं सांगितलं गेलं. काकूनं डबा घेतला, बस म्हणाली, मी बसले नाही. एवढंच. गळाभेट वगैरे काही झाली नाही, आणि वकिलाची जूनची तारीख मी तशीच ठेवलीय. हक्क सोडणं म्हणजे क्षमा, असं मी मानत नाही. कोर्टात भांडेन, पण जिन्यात मान वळवणार नाही, इतकं ठरवलंय.

तुला पप्पांचा बोर्नव्हिटाचा डबा आठवतो का? कपाटातला, झाकणाला भोक पाडलेला. दर रविवारी चर्चला निघण्याआधी ते त्यात पैसे टाकायचे आणि म्हणायचे, "पंधरा संपला की सोळा." तुला वाटायचं ते रुपये मोजतायत. बायबलातलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ. १५वा अध्याय सगळा पुनरुत्थानावर, ५८ ओव्या. पाचशेहून अधिक जणांनी त्याला पाहिलं आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं पौल त्यात बिनधास्त लिहितो, म्हणजे जा आणि विचारा. मेलेले उठत नसतील तर आपला विश्वास फुकट, हेही तोच लिहितो. मग रणशिंग, मरणाची नांगी, सगळं वाढत वाढत जातं आणि शेवटच्या ओवीत एकदम खाली उतरून म्हणतो, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच १६व्याची सुरुवात: आता वर्गणीविषयी. यरुशलेमेतल्या गरजूंसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. अध्याय तर १३व्या शतकात पाडले, पौलानं एका दमात लिहिलं होतं. रणशिंगातून थेट वर्गणीत. पप्पांना यात जराही विसंगती वाटत नसे.

तो डबा मी अजून वापरते. आतले पैसे कुणाला जातात ते तुला सांगणार नाही, पप्पांनीही मला कधी सांगितलं नाही. तिथे तुझ्या खोलीवर एखादा रिकामा डबा असेलच.

शनिवारी कबरस्तानात जाऊन पप्पांची कबर धुतली. क्रूसाच्या खालच्या बाजूला शेवाळ धरलंय, पुढच्या खेपेला तू आलास की चुना लावू, माझे गुडघे आता इतका वेळ टेकत नाहीत. कडेच्या नळाला पाणी नव्हतं, माळ्यानं दोन बादल्या आणून दिल्या. त्याला चहाला पैसे दिले तर घेतले नाहीत. कबरीपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेला उठलेला प्रभू पहिल्यांदा माळीच वाटला होता, ते आठवून मला एकटीलाच हसू आलं आणि तो बिचारा वळून बघायला लागला.

हे पत्र मघाशीच संपवणार होते, तेवढ्यात बेल वाजली. काकूची नात डबा परत द्यायला आली होती. आत आठ कैऱ्या. पप्पांनी मागच्या अंगणात लावलेल्या त्या झाडाच्या, ज्याच्यावरून सगळं भांडण. चिठ्ठी वगैरे काही नाही. उद्या मेथांबा करते. मेच्या पहिल्या आठवड्यात येशील तेव्हा एक बरणी तुला, आणि एक कुणाला द्यायची ते तुला कळलं असेलच. जिना तुला चढायचाय.

तुझी,
आई