रिपेअरिंगच्या कामावर सही करायच्या आधी हे वाचा

मंडळी, काम पूर्ण झालं म्हणून सही मागायला माणूस आला तर लगेच सही देऊ नका. आमच्याकडे ओल्या भिंतीवर नुसती पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारून गेले, आता फुगे आलेत. आपली बिल्डिंग जुनी, भिंती चुन्याच्या, त्या ओल शोषतात आणि बाहेर सोडतात, त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाणी आतच अडकतं, मग प्लास्टर सुटतं आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजायला लागतात, म्हणजे वरून चकाचक आतून पोकळ. भाडं सवलतीचं आहे म्हणून कामही सवलतीचं का? आणि मुळात गच्चीचं पन्हाळ तुंबलंय ते कोणी साफच करत नाही, ओल येणार नाही तर काय!

जुना रंग कोरडा घासू देऊ नका हं, त्यात शिसं असू शकतं, ती धूळ लहान मुलांना फार वाईट.

रविवारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या घराचे फोटो तारखेसकट ग्रुपवर टाका, एकत्र अर्ज देऊ. तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या, फोनवर सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावाल्यांनी जिन्याच्या कठड्याचाही फोटो टाका, तो हलतोय.